फोटो अजून नीट आलेला नाही

फ्लॅशकाकूचं खरं नाव विचारू नका. गल्लीत ते कुणाला ठाऊक नाही, आणि तिच्या नवऱ्यालासुद्धा आठवायला क्षणभर लागेल. नाकावर राग, जिभेला हाड नाही, आणि एकदा बोलली की समोरचा डोळे मिचकावत जागच्या जागी उभा. म्हणून फ्लॅशकाकू. आधी हे पाठीमागे म्हणायचे. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली की तोंडावर म्हणा, मला आवडलंय. तेव्हापासून पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तेच म्हणतात.

तिचा स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. पुढे काउंटर, त्याच्या काचेखाली गल्लीतल्या निम्म्या लोकांचे ओळखपत्राचे चेहरे, सगळे कसे कर्ज बुडवल्यासारखे. मग जाड पडदा. पडद्यामागे दोन दिवे, पाठीमागचा एक पडदा भिंतीवर ताणलेला, आणि एक लाकडी खुर्ची. त्याच्याही मागे फळीच्या आडोशाला तिचा नवरा बसतो, फ्रेमवाले काका. दिवसभर काच कापायची, पट्ट्या ठोकायच्या, बोलायचं नाही. त्यांचं म्हणणं असं, की घरात एकानं बोललं तरी भागतं, आणि ते काम आधीच कुणीतरी घेतलंय.

काउंटरच्या वर एक पाटी होती. 'इथे फोटो दुसऱ्यांदा काढावा लागत नाही.' ही तिच्या सासऱ्यांनी रंगवलेली. स्टुडिओही त्यांचाच. मुलाला माणसांकडे बघवत नाही आणि सुनेला बघितल्याशिवाय राहवत नाही, हे म्हाताऱ्यानं ओळखलं आणि कॅमेरा सुनेच्या हातात दिला. त्या पाटीची अक्षरं उडायला लागली की काकू स्टुलावर चढून स्वतः ब्रशनं गिरवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि सासऱ्यांचीच आणखी एक देणगी होती. तपकिरी कापड. आता बघा, तान्ह्या बाळाचा फोटो काढणं म्हणजे पाऱ्याला चिमटीत धरणं. बसवलं की कलंडतं, झोपवलं की रडतं. सासऱ्यांनी युक्ती काढली. आईला खुर्चीवर बसवायचं, तिच्या डोक्यापासून पायापर्यंत तपकिरी कापड टाकायचं, आणि कापडावरून तिच्या मांडीत बाळ द्यायचं. आईनं आतून दोन्ही हातांनी त्याला धरून ठेवायचं. बाळाला आईची ऊब लागते, ते गप्प बसतं. फोटोत दिसतं काय, तर राजासारखं बसलेलं एकटं बाळ, आणि मागं तपकिरी उंचवटा. गल्लीत असं घर नाही जिथं हा फोटो नाही. पाहुणे विचारतात, गादी कुठली घेतलीत. घरातले हसतात आणि विषय बदलतात.

या सगळ्या फोटोंत एकाच फोटोत खोट होती. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याच्या घरातल्या. त्याच्या आईनं, म्हणजे आक्कानं, तो तान्हा असताना काढून घेतलेला, सासऱ्यांच्या हातचा. बाळ झकास, पण मागच्या उंचवट्यावर वरच्या बाजूला एक काळपट डाग. किल्लीवाला म्हणायचा, कागदाला ओल आली असणार. काकूला तो डाग सलायचा. एकदा तिनं आक्काला सांगितलंही, आणा तो फोटो, डाग काढून नवा करून देते, पैसे नकोत. आक्का म्हणाली, राहू दे तसाच. आक्काचं एक म्हणजे एकच. गल्लीतली कुलपंही तिच्या ताब्यात आणि कुलपाआडच्या गोष्टीही, तिच्याशी कोण वाद घालणार?

तर एके दिवशी दुपारची ही आक्का स्टुडिओत आली. कडेवर नातू, मागं सून.

ही सून बाळ व्हायच्या आधी शेजारच्या टेलरताईकडे काज-बटणाचं काम करायची. पोट मशीनला टेकेपर्यंत करत होती. काम करताना गुणगुणायची, इतकी की टेलरताईचा रेडिओ बंदच असायचा. आज ती आली ती जमिनीकडे बघत. केसांचा गुंता, अंगातलं उलटं घातलेलं, आणि ते उलटं आहे हे तिला कुणी सांगितलेलंही नव्हतं.

आक्कानं थोडक्यात हुकूम सोडला. नातवाचा एक झकास फोटो काढायचा, मोठा करायचा, भिंतीवर लावायचा. कारण बाळ आता चाललंय. सुनेच्यानं काही होत नाही. पोर रडतं आणि ही भिंतीकडे बघत बसते, जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही. म्हणून थोरली लेक येऊन बाळाला आपल्या गावी घेऊन जाणार, चांगलं चालायला लागेपर्यंत. निदान घरात डोळ्यांसमोर फोटो हवा, फोटो हातात आला की लेकीला बोलावणार. हे सगळं आक्का सुनेच्या देखत बोलली, घरातलं टेबल मोडलंय म्हणावं तसं. वाईट बाई नव्हे हं ती. पण काळजी वाटली की तिचा आवाज चढतो, हा तिचा जुना आजार.

काकूनं नेहमीसारखं केलं. सुनेला खुर्चीवर बसवलं, कापड टाकलं, बाळ दिलं. आतून दोन हात वर आले आणि त्यांनी बाळाला घट्ट धरलं. चुटकी वाजवली, बाळानं वर बघितलं, फोटो निघाला. पहिल्याच झटक्यात, पाटीची लाज राखून. बाळाला उचकी लागली म्हणून आक्का त्याला घेऊन पुढच्या खोलीत गेली. काकूनं कापड काढायला टोक उचललं.

आतून आवाज आला, "काकू, राहू द्या ना थोडा वेळ. इथं कुणी काही विचारत नाही."

 फ्लॅशकाकूनं कापडाचं टोक हळूच खाली सोडलं. दिवे बंद केले. पडदा ओढून बाहेर आली आणि आक्काला म्हणाली, "आक्का, फोटो बिघडला. उद्या परत यावं लागेल."

आक्कानं पाटीकडे बघितलं, मग काकूकडे. फळीच्या मागं काच कापायचा आवाज थांबला. काकू खोटं बोलली ती रेटून बोलली. बाळ हललं, दिवा फडफडला, तार तपासावी लागेल, तोवर सुनेला जरा आत बसू दे. आणि गिऱ्हाईकाला देतात तसला अर्धा कप चहा न देता चांगला कप भरून आक्कासमोर ठेवला.

संध्याकाळी दुकान आवरताना फ्रेमवाले काका कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो फोटो बघत उभे राहिले. यात बिघडलंय काय, त्यांनी विचारलं. काकू म्हणाली, बाळाकडे नका बघू, मागं बघा. काकांनी चष्मा वर केला. तपकिरी उंचवट्यावर, जिथं आत माणसाचं तोंड असेल तिथं, ओला डाग होता.

 काकूनं त्या क्षणी ठरवलं. हे बाळ या गल्लीतून जाणार नाही. आईपासून तोडून पोर न्यायचं आणि आईला त्या भिंतीसमोर एकटं सोडायचं, हा उपाय तिला पटला नाही, आणि न पटलेली गोष्ट तिनं जन्मात होऊ दिलेली नाही. फोटो झाला की बाळ जाणार ना? मग फोटो होणारच नाही.

दुसऱ्या दिवशी ती टेलरताईकडे गेली. तिला सगळं सांगितलं. टेलरताईचे डोळे भरून आले, पोरगी समोरून जाते पण वळून बघत नाही, म्हणाली. मग विचारलं, मी काय करू?

"बाळाला फोटोसाठी अंगडं शिव," काकू म्हणाली, "आणि चुकव."

टेलरताईला हे झोंबलं. इतक्या वर्षांत माप चुकलेलं नाही आपलं, गिऱ्हाइकं काय म्हणतील?

"मी माझी अख्खी पाटी चुकवतेय. तू एक बाही चुकव."

झालं, टेलरताई सामील. मग इस्त्रीवाला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याची बायको पहिल्या बाळंतपणानंतर कशी दाराआड बसून असायची ते त्याला चांगलं आठवत होतं. तो आक्काला जाऊन म्हणाला, फोटोत दुपटी कडक दिसायला हवीत, रोज माझ्याकडे धुवायला टाका, लंगोटही टाका, एकाच पाण्यात निघतात. बेकरीवाल्यानं रोज दुपारी मऊ पाव आणि गरम दूध स्टुडिओत पाठवायला सुरुवात केली. नवीन भट्टीची चव बघायचीय, म्हणायचा. भट्टी तीच होती, त्याच्या आजोबांच्या वेळची. आणि पार्लरवालीनं सुनेला बोलावून तिचं डोकं धुतलं. पाणी डोक्यावर पडता पडता पोरगी खुर्चीतच झोपली. पार्लरवालीनं शटर अर्धं खाली ओढलं आणि दारात स्टूल टाकून बसली, गिऱ्हाइकांना कुजबुजत परत पाठवत.

आक्का काही दुधखुळी नाही. तिनं पार्लरच्या पायरीवरच काकूला गाठलं. "कापडाखाली बसणाऱ्या बाईचे केस कशाला धुवायचे गं?"

पार्लरवालीच्या तोंडचं पाणी पळालं. काकूनं मात्र पापणी हलवली नाही. केसांचं तेल कापडाला लागतं, तिनं सांगितलं, मग डाग पडतो आणि फोटोत येतो. तुमच्याच घरात आहे की तसला एक, विसरलात?

आक्का एकदम गप्प झाली. वळली आणि गेली. आक्काचं तोंड बंद करणारी बाई म्हणून काकूचा भाव त्या दिवशी गल्लीत वधारला. तीही खुशीत होती. आपण नेमकं कुठं बोट ठेवलंय, हे तिला तेव्हा कुठं माहीत होतं?

फोटो रोज बिघडत होता. कधी बाळानं डोळे मिटले, कधी अंगड्याची बाही लोंबली, कधी दिव्यानं दगा दिला. सून रोज यायची, कापडाखाली बसायची. बाळ पुढच्या खोलीत टेलरताईच्या नाहीतर काकांच्या मांडीवर. होय, काकांच्या. फळीमागून बाहेर येऊन ते बाळाला पट्ट्यांचे नमुने दाखवायचे, ही सागवानी, ही सोनेरी, आणि बाळ गंभीरपणे ऐकायचं. काका आयुष्यात एवढं कुणाशी बोलले नव्हते.

एका दुपारी कापडाखालून सून म्हणाली, "काकू, तुम्ही मुद्दाम करताय ना हे? नका करू. घेऊन जाऊ दे त्याला. तो रडला की मला काहीच वाटत नाही. अशी आई असते का कुठं? माझ्यापाशी राहून त्याचं वाटोळं होईल."

 काकूला कळलं, हे पाव-दुधानं भागणारं नाही. उगाच आपण शहाणपण पाजळण्यात अर्थ नाही, जिचं काम तिनंच करावं. ती तडक चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, तुमचा दवाखान्यातला फोटो फार जुना झालाय, उद्या दुपारी या. डॉक्टरीणबाई आल्या. फोटो बाजूला राहिला. पडद्यामागं त्या सुनेशी बराच वेळ बोलल्या, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं, आणि तिनं तसं नाही म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा विचारलं. मग बाहेर येऊन त्यांनी सुनेसमोरच काकूला सांगितलं. हा आजार आहे, स्वभाव नव्हे. कितीतरी आयांना होतो आणि बरा होतो. औषध देते, दर आठवड्याला मला भेटायचं. झोप हवी, जेवण हवं, आणि सोबत हवी. बाळाला दूर नेलं तर हिला वाटतंय ते खरंच आहे असं हिला वाटेल. बाळ जवळ हवं, पण ही त्याच्यापाशी एकटी नको.

"मी वाईट आई नाहीये?" सुनेनं विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाईट आईला एवढी काळजी नसती वाटली. त्याचं वाटोळं होईल म्हणून तू त्याला सोडायला निघाली होतीस."

त्या दिवशी सून कापडाखाली न जाता रडली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उजेडात.

आता किल्लीवाल्याचं सांगते. कुठलंही कुलूप द्या, हा माणूस कान लावून उघडणार. पण घरातली बायको गप्प झाली तर याला वाटलं, थकली असेल. फोटोचं काय चाललंय ते विचारायला तो एकदा स्टुडिओत आला, तर काकूनं त्याला खुर्चीवर बसवून असा काही झाडला की पलीकडे इस्त्रीवाल्याची इस्त्री थांबली. आईनं ठरवलं, बहिणीनं ठरवलं, आणि तू काय केलंस, दुकान उघडलंस आणि बंद केलंस? बायकोला विचारलंस एकदा तरी? डॉक्टरनं काय सांगितलं ते तिच्या तोंडून ऐक, माझ्या नको. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. मग पडद्यामागं गेला. बाहेर आला तेव्हा नाक लाल होतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकानाला स्वतःचंच कुलूप लावून तो बाळाला घ्यायला यायला लागला. आईला मात्र काही बोलला नाही. आक्कासमोर तोंड उघडणं ही त्याला न जमलेली एकच किल्ली.

आणि काकूनं फोटो बदलायला सुरुवात केली. एक दिवस म्हणाली, आज कापड जरा मागं, नुसते हात दिसू देत. सुनेनं हातावर नजर टाकली, सुईनं टोचलेली बोटं, म्हणाली, हे काय दाखवायचे? काकू म्हणाली, बाळ यांनाच धरतं ना, मग झालं. पुढच्या वेळी खांदे. मग एकदा पाठमोरी, बाळ खांद्यावर झोपलेलं. आणि मग एका दुपारी बाळानं हात वर करून तिच्या नाकाला धरलं, ती दचकली, आणि हसली. मोठं काही नाही, ओठांची एक बाजू. काकूनं तेवढं टिपलं. 

सून त्या दिवसांत टेलरताईकडेही जाऊन बसायला लागली होती. मांडीवर बाळ, समोर बटणांचा डबा. एखादं बटण लावायची, थांबायची. टेलरताई घाई करायची नाही. कधीतरी सून कण्हल्यासारखं गुणगुणली, तर टेलरताईनं हळूच रेडिओचा आवाज कमी केला.

पण या सगळ्याची किंमत होतीच. गल्लीत बोभाटा झाला, फ्लॅशकाकूची नजर गेली. एका तान्ह्या पोराचा फोटो तिला जमेना. चौकात नवा स्टुडिओ निघाला होता, चकचकीत, तिकडं लोक वळले. एका लग्नाचं ठरलेलं काम गेलं. ज्या बाईचा साखरपुड्याचा फोटो काकूनं काढला होता, तिच्याच लेकीचं लग्न. ती बाई दारावरून गेली आणि तिनं पाटीकडे बघून मान हलवली. काकूला ते लागलं. फार लागलं. तिनं चहा ओतून दिला, जेवलीही नाही.

काका काचेवरची धूळ फुंकत म्हणाले, "नाव बुडतंय तुझं."

"बुडू दे. ती पोरगी बुडत होती."

काकांनी मान डोलावली आणि काच कापायला घेतली. त्यांच्याकडून ती शाबासकीच.

शेवटी जे व्हायचं ते झालं. थोरल्या लेकीचा धीर सुटला. फोटो गेला उडत, मी येतेय, असा तिचा निरोप आला. ज्या सकाळी ती यायची होती त्या सकाळी आक्का एकटीच स्टुडिओत आली. बसली नाही. म्हणाली, बिघडलेले फोटो दाखव, सगळे.

काकूनं क्षणभर विचार केला. आता शेंडी लावण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळे फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकामागून एक लावले. एकही बिघडलेला नव्हता. पहिल्यात बाळ आणि उंचवटा. मग हात. मग खांदे. मग पाठ. मग नाक धरलेलं बाळ आणि ओठांच्या एका बाजूनं हसणारी सून. काकू बोलायला तयार होती, भांडायला तर त्याहून तयार. मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

आक्का म्हणाली, पहिला परत लाव. पहिला लागला. आक्का पुढं झाली आणि त्या ओल्या डागावर बोट ठेवून उभी राहिली.

"हा तेलाचा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"माझ्या घरातलाही ओलीचा नाही." आक्का मटकन खुर्चीवर बसली, त्याच लाकडी खुर्चीवर. "तुझ्या सासऱ्यानं फोटो काढला तेव्हा मी आत रडत होते. किती दिवसांनी रडायला जागा मिळाली होती. घरात सगळ्यांना वाटायचं मी कामचुकार झालेय. मलाही तसंच वाटायचं. नंतर कधीतरी ते गेलं आपोआप, आणि मी विसरले. विसरले म्हणजे, तो फोटो काही बदलू दिला नाही."

काकूनं जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली. तिनं नुसता आक्काच्या खांद्यावर हात ठेवला.  फळीमागून काकांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला.

आणि तेवढ्यात थोरली लेक आली. हातात पिशवी, पिशवीत बाळासाठी विणलेलं टोपडं, डोळ्यांत प्रवासाची झोप. घरी कुणी नाही म्हणून शोधत आलेली. तिच्या मागोमाग किल्लीवाला, आणि त्याच्या मागं सून बाळाला घेऊन. लेक मनानं चांगली. तिनं भावजयीच्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, तू आराम कर, याला मी जिवापाड सांभाळीन. आणि बाळाला घ्यायला हात पुढं केले.

सुनेनं बाळाला दिलं नाही. तिचा आवाज लहान होता, पण थरथरत नव्हता. "वन्सं, तो इथंच राहील. मला अजून सगळं जमत नाही. पण माझ्यापाशी राहील."

लेकीनं आईकडे बघितलं. आता आक्का काय बोलते यावर सगळं होतं.  किल्लीवाला एक पाऊल पुढं टाकून बायकोच्या बाजूला उभा राहिला. तोंड उघडलं नाही, पण आईकडे सरळ बघत राहिला.

आक्का सावकाश म्हणाली, "बाळाला नेता कसं येईल? फोटो अजून नीट आलेला नाही."

"आई, काहीतरीच काय." लेकीनं काउंटरच्या वर बोट दाखवलं. "इथं फोटो दुसऱ्यांदा काढावा लागत नाही. लहानपणापासून वाचतेय मी ती पाटी."

फ्लॅशकाकूनं स्टूल ओढलं. वर चढली. एवढी वर्षं जिची अक्षरं गिरवली ती पाटी खिळ्यावरून काढली आणि खाली काकांच्या हातात दिली. काकांनी ती फळीला टेकवून ठेवली, अक्षरं भिंतीकडे करून.

"तुझ्या आईचं खरं आहे," काकू स्टुलावरूनच म्हणाली. "नाही आलेला नीट. कधी येईल सांगता येत नाही."

लेक एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काही कळेना. मग आक्कानं तिला जवळ ओढून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं, कापडाचं, आणि स्वतःचंही. इतका हळू आवाज आक्काकडे आहे हे गल्लीला माहीत नव्हतं. लेक ऐकता ऐकता पडद्यावरच्या त्या पहिल्या फोटोकडे बघत होती. तिच्या दोन्ही मुलांचे फोटो इथंच निघाले होते, तिच्या दिवाणखान्यात शेजारी शेजारी लावलेले. दोन बाळं आणि दोन तपकिरी उंचवटे.

बऱ्याच वेळानं तिनं पिशवी खाली ठेवली. टोपडं काढून भावजयीच्या हातात दिलं. म्हणाली, मग मीच राहते थोडे दिवस. रात्रीचं बाळाला मी बघीन, तू झोप.

काकूनं दिवे लावले. म्हणाली, आलाच आहात तर एक काढूया, सगळ्यांचा. आक्का खुर्चीवर, तिच्या शेजारी सून बाळाला घेऊन, मागं किल्लीवाला. लेकीला काकूनं दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसवलं आणि तिच्या हौसेखातर बाळ क्षणभर तिच्याकडे दिलं. बाळ मांडीत येताच लेक सावरून बसली, दोन्ही हातांनी त्याला धरलं आणि मान खाली घालून वाट बघत राहिली.

"कापड टाका ना," ती म्हणाली.

 काकूनं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

"कापड नाही आता," ती म्हणाली. "मान वर कर, पोरी."